चौदा तोफांचे जहाज आणि चांदीच्या बांगड्या

साल १८००. भूमध्य समुद्रातील मिनोर्का बेटावर, पोर्ट माहोनच्या गव्हर्नरच्या वाड्यात तंतुवाद्यांची मैफल चालू आहे. श्रोत्यांमधला एक धिप्पाड आरमारी अधिकारी गुडघ्यावर ताल धरतो आहे. पण तो अर्धी मात्रा पुढे धावतो, आणि शेजारचा किरकोळ अंगाचा गृहस्थ अखेर वैतागून त्याच्या बरगडीत कोपर खुपसतो. द्वंद्वयुद्धापर्यंत जाऊ पाहणारे हे भांडण दुसऱ्याच दिवशी मिटते. अधिकारी जॅक ऑब्री आणि डॉक्टर स्टीफन मॅच्युरिन यांची ही पहिली भेट.

या प्रसंगाने सुरू होणारी पॅट्रिक ओब्रायन यांची 'मास्टर अँड कमांडर' ही कादंबरी १९६९ साली आली आणि तिच्यामागून, नेपोलियनच्या काळातील ब्रिटिश आरमाराभोवती फिरणाऱ्या वीस कादंबऱ्यांची मालिका उभी राहिली. एकविसावी लेखकाच्या निधनामुळे अपुरी राहिली. मॅच्युरिनला जहाजातले काहीच कळत नाही, हे वाचकाचे भाग्यच म्हणायचे. एक तरुण अधिकारी त्याला डोलकाठीवर चढवून एकेक शीड आणि एकेक दोर समजावून सांगतो, आणि घाबरलेल्या डॉक्टरबरोबर आपणही ते शिकत जातो.

लढाया मात्र ओब्रायन यांनी बहुधा आरमाराच्या दप्तरातूनच उचलल्या. ६ मे १८०१ रोजी बार्सिलोनाजवळ ब्रिटिश आरमारातील लॉर्ड कॉक्रन यांच्या 'स्पीडी' या जहाजाने 'गामो' ही स्पॅनिश फ्रिगेट, म्हणजे बरीच मोठी युद्धनौका, जिंकली. स्पीडीवर ५४ माणसे होती, तर गामोवर ३१९. तोफा अनुक्रमे १४ आणि ३२. स्पीडीचे गोळे चार पौंडांचे, म्हणजे एका बाजूच्या सातही तोफा एकदम डागल्या तरी जेमतेम १३ किलो लोखंड उडायचे. म्हणून कॉक्रन इतके जवळ भिडले की गामोचे गोळे त्यांच्या डोक्यावरून जाऊ लागले. मग जहाजावरच्या डॉक्टरच्या हाती सुकाणू देऊन उरलेले सगळे शत्रूच्या जहाजावर चढले. कल्पनेने रचले असते तर कोणी विश्वास ठेवला नसता. ओब्रायन यांनी जहाजांची नावे बदलून हा पराक्रम ऑब्रीच्या पदरात टाकला.

पुढे कथानकाला युद्धाची वर्षेच कमी पडू लागली, तेव्हा दहाव्या कादंबरीच्या प्रारंभी लेखकाने मोकळेपणाने सांगून टाकले की कदाचित '१८१२-अ', '१८१२-ब' अशी काल्पनिक वर्षे योजावी लागतील.

दप्तरात जे सापडत नाही, ते १९७३ सालच्या 'एच. एम. एस. सर्प्राइज' या तिसऱ्या कादंबरीत भेटते, आणि तेही आपल्या मुंबईत. वाडिया घराण्यातले पारशी कारागीर ज्या गोदीत सागवानी जहाजे बांधत होते, त्या मुंबईत ऑब्रीचे जहाज 'सर्प्राइज' दुरुस्तीसाठी थांबते आणि मॅच्युरिन गल्लीबोळांतून हिंडत राहतो. दिल नावाची एक चुणचुणीत, गरीब मुलगी त्याला शहर दाखवते. तिला चांदीच्या बांगड्यांचा ध्यास लागलेला असतो. तो त्या हौसेने घेऊन देतो, आणि त्याच बांगड्यांपायी तिचा खून होतो. मॅच्युरिनला तिचे कलेवर सापडते, तेव्हा हात रिकामे असतात. समुद्रकाठी तिची चिता पेटते, आणि जहाज पूर्वेकडे निघते.