मथळ्याचं बिल कोणी भरलं?

मंडळी, जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली उघडून बसलं की आधी हसू येतं. आज आपल्याला हसायचंच आहे. पण प्रत्येक मथळ्यापाशी मी एक गोष्ट विचारत जाणार आहे: याचं बिल कोणाच्या नावावर फाडलं गेलं?

पहिला मान 'शिकागो डेली ट्रिब्यून'चा. नोव्हेंबर १९४८. अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी ड्युई विरुद्ध ट्रूमन. ट्रूमन पडणार हे जवळजवळ सगळ्यांनी धरूनच चाललेलं. त्यात ट्रिब्यूनमध्ये जुळाऱ्यांचा, म्हणजे छपाईचे खिळे जुळवणाऱ्या कामगारांचा, संप जवळपास वर्षभर चाललेला. मजकूर टाइप करायचा, त्याचा फोटो काढून ब्लॉक करायचा, यात तासन्‌तास जायचे. म्हणून पहिली आवृत्ती लवकर सोडावी लागली, तेव्हा मतमोजणीनं नीट वेगही घेतला नव्हता. वॉशिंग्टनचे बातमीदार आर्थर हेनिंग यांनी कौल दिला आणि मथळा पडला: 'ड्युईनं ट्रूमनला हरवलं'. सुमारे दीड लाख प्रती निघाल्या. घाई इतकी की मुख्य बातमीतल्या पाच ओळी चक्क उलट्या बसल्या. हेनिंग नवशिके नव्हते. आधीच्या पाच निवडणुकांपैकी चारदा त्यांचा अंदाज खरा ठरला होता. ज्याचं नेहमी बरोबर येतं त्याला कोणी हटकत नाही. माझ्या मते चूक तिथं झाली, संपाला उगाच बोल लावतात.

दोन दिवसांनी सेंट लुईसच्या स्टेशनात निवडून आलेले ट्रूमन गाडीच्या मागच्या डब्यात उभे राहिले, तोच अंक दोन्ही हातांनी वर धरला आणि तोंडभर हसले. तो फोटो जगभर गेला. पुढं ट्रिब्यूननं या मथळ्याच्या पंचविसाव्या वर्षी तोच मथळा असलेली पाटी त्यांना भेट द्यायचं ठरवलं होतं, पण डिसेंबर १९७२ मध्ये ट्रूमन गेले आणि भेट राहून गेली. इथं बिल वर्तमानपत्रानंच भरलं: कागद, शाई आणि नाक. असं क्वचितच होतं, म्हणून हा किस्सा मला फार आवडतो.

आता स्कायलॅब! नाव काढताच पहिल्या दोन रांगांमध्ये कुजबुज सुरू झाली बघा. जुलै १९७९. सुमारे ७७ टनांची अमेरिकन अंतराळ प्रयोगशाळा खाली येणार, पण नेमकी कुठं पडणार ते नासालाही सांगता येईना. कोणा ना कोणा माणसाला तुकडा लागण्याची शक्यता त्यांनी १५२ मध्ये एक अशी काढली होती. हा आकडा साऱ्या जगातल्या माणसांचा मिळून होता. आपल्या गल्लीत मात्र तो प्रत्येकानं आपल्या एकट्यापुरता घेतला.

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात गल्लीच्या तोंडाशी एक मामा रोज पेपर मोठ्यानं वाचायचे. एक ओळ मराठीत, लगेच तीच तेलुगूत. माग थांबवून माणसं ऐकायला यायची. त्या आठवड्यात मामांचा आवाजच बदलला होता. एका आजींनी सणासाठी राखलेली कोंबडी त्याच रात्री कापली. 'ते डोक्यावर पडायच्या आत ही पोटात गेलेली बरी,' म्हणाल्या. एकानं उधारी मागायला आलेल्या दुकानदाराला परवा या म्हणून सांगितलं. दुकानदारही मुकाट्यानं परत गेला, कारण पेपर त्यानंही वाचला होता.

स्कायलॅब पडली ती ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात, एस्परन्स गावाच्या आसपास. आता मथळ्याची करामत बघा. 'सॅन फ्रान्सिस्को एक्झामिनर'नं जाहीर केलं होतं, पडल्यापासून ७२ तासांत जो पहिला तुकडा आमच्या कचेरीत आणून देईल त्याला १०,००० डॉलर. त्यांना वाटलं असणार, कोण येतंय! एस्परन्सचा सतरा वर्षांचा स्टॅन थॉर्नटन घराच्या आवारात पडलेले जळके तुकडे गोळा करून विमानानं थेट सॅन फ्रान्सिस्कोला पोचला आणि बक्षीस घेऊन गेला. शिवाय एस्परन्सच्या स्थानिक प्रशासनानं नासाला रस्त्यावर कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड लावला. बातम्यांच्या इतिहासात वाचकाला पैसे मिळाल्याची उदाहरणं थोडी, त्यात हे सर्वात गोड.

एरवी पैसे जातात ते वाचकाचेच. फेब्रुवारी १९६२ ची अष्टग्रही आठवते का? आठ ग्रह मकरेत एकत्र, आता प्रलय! गावोगावी यज्ञ झाले, घरात सांभाळून वापरायचं तूप आगीत गेलं. प्रलय आला नाही, आणि तूप परत करायलाही कोणी आलं नाही.

त्याहून जुनी गंमत १८३५ ची. न्यूयॉर्कच्या 'सन'नं सहा लेखांची मालिका छापली: खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांना दुर्बिणीतून चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसं दिसली! अंक हातोहात खपला. खरे हर्शेल तेव्हा दक्षिण आफ्रिकेत शांतपणे तारे बघत होते, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पुढं लोकांच्या प्रश्नांनी वैतागले बिचारे ते.

हसू थांबतं ते १९१२ च्या एप्रिलमध्ये. टायटॅनिक बुडाल्यावर काही वर्तमानपत्रांनी छापलं, सगळे उतारू वाचले, जहाज ओढत हॅलिफॅक्सला नेत आहेत. बिनतारी संदेशांची सरमिसळ झाली होती. प्रत्यक्षात सुमारे पंधराशे माणसं गेली होती. ज्या घरांनी तो मथळा वाचून सुटकेचा श्वास सोडला असेल, त्यांचं दुसऱ्या दिवशी काय झालं असेल?

आता आपल्याकडचं. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा 'केसरी'चा जुलै १८९७ चा मथळा शाळेतल्या पोरालाही पाठ असतो. याच मथळ्यामुळं टिळक तुरुंगात गेले असं आपण सर्रास सांगतो. पण खटला उभा राहिला तो त्याआधीच्या, १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावर. शिक्षा अठरा महिने. १९०८ मध्ये 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या अग्रलेखांवरून सहा वर्षं मंडाले. त्या निकालावर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. शिकागोत संप चालू असताना चुकीचा मथळा निघाला, इथं मथळ्यापायी संप झाला!

आणि हुतात्मा चौकातून आपण रोज जातो. चार पुतळ्यांपैकी कुर्बान हुसेन हे पत्रकार होते, 'गझनफर' काढायचे, हे किती जणांना माहीत आहे? १२ मे १९३० ला सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्यात फाशी झाली. फाशी केवळ वर्तमानपत्रामुळं झाली असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं खोटं ठरेल. पण या शहरात छापलेल्या शब्दामागं उभं राहणारी माणसं होती, आणि आपलं बिल त्यांनी वाचकाकडं सरकवलं नाही.

म्हणून एक विनंती. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या फडताळात जुने अंक असतील. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, कुठल्याही भाषेतले. रद्दीवाल्याला देण्याआधी वाचनालयाला एकदा दाखवा. आणि कात्रणं काढणार असाल तर वरची पट्टी कापू नका, तारीख आणि पत्राचं नाव तिथंच असतं.