हातात किती, फंडात किती

श्रोतेहो, नमस्कार.

दोन महिन्यांपूर्वी माझा भाचा पेढे घेऊन घरी आला. हिंजवडीतल्या एका मोठ्या कंपनीत त्याला नोकरी लागली होती. "मामा, सहा लाखांचं पॅकेज!" माझ्या बहिणीनं तोंडी हिशेबही केला होता, म्हणजे महिना पन्नास हजार. पेढा खाल्ला आणि म्हटलं, बाळा, ते पत्र दाखव बघू.

पिंपरीतल्या एका कारखान्याच्या पगार विभागात माझी एकतीस वर्षं गेली. असा कागद हातात आला की माझी नजर आधी बेसिकच्या, म्हणजे मूळ वेतनाच्या, ओळीवर जाते. तिथं 15,000 होते. खाली घरभाडं भत्ता, आणि त्याखाली 'विशेष भत्ता' नावाची भलीमोठी रक्कम. आम्ही जेवणाच्या टेबलावरच आकडेमोड करायला बसलो. कंपनीच्या वाट्याचा फंड, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, 1,800, तोही पॅकेजमध्येच धरलेला. ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांची, तरतूद सुमारे 720. वर्षाअखेरीस कामगिरी बघून मिळणारी रक्कम महिन्याला 5,000 च्या हिशेबानं. हे सगळं बाजूला काढलं. मग त्याच्या स्वतःच्या पगारातून फंडाचे 1,800 आणि व्यवसाय कराचे 200, फेब्रुवारीत 300. उरले साधारण 40,500. बहिणीचा चेहरा उतरला.

मी तिला म्हटलं, फंडाचे पैसे कुठं जात नाहीत, ते त्याचेच आहेत. मला काळजी वाटते ती बेसिकची. ग्रॅच्युइटीचा हिशेब अगदी सोपा असतो: शेवटच्या महिन्याचं वेतन, त्याला 26 नं भागायचं, 15 नं गुणायचं, आणि जितकी वर्षं नोकरी तितकी पट. 15,000 वर दहा वर्षांचे होतात सुमारे 86,500. तेच वेतन 25,000 धरलं, तर 1,44,000 च्या वर. माणूस तोच, काम तेच, आणि फरक जवळजवळ 58,000 रुपयांचा. पत्र कोणी कसं मांडलं, एवढ्यावरून!

हे ओळखूनच नव्या कामगार संहितांनी, म्हणजे कामगारांसाठीच्या नव्या कायद्यांनी, वेतनाची व्याख्या बदलली. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या लागू झाल्या आहेत. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असले, तर निम्म्यावरची जादा रक्कम वेतनात धरूनच हिशेब करायचा. शिवाय ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना ग्रॅच्युइटीसाठी आता पाच वर्षं थांबावं लागत नाही, एक वर्ष पुरतं. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत अशी पोरं कितीतरी आहेत. त्यांनी हे कान देऊन ऐकावं. भाच्याला मी सांगितलं, ग्रॅच्युइटी कुठल्या रकमेवर धरणार ते कंपनीला लेखी विचार. विचारायला लाजू नकोस. आपल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये 1886 साली, कुठल्याही कायद्याची सक्ती नसताना, कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला होता. म्हातारपणाची सोय हा कामाच्या मोबदल्याचाच भाग आहे, हे तेव्हाही कळत होतं.

आता जे सांगतो, ते पगाराच्या स्लिपवर कुठंच दिसत नाही.

आमच्या मशीन शॉपमधला एक फिटर अचानक गेला. तेराव्यानंतर त्याची बायको आमच्या खिडकीशी आली. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले, सगळं नीट घडी घालून. मी फाईल काढली. नामनिर्देशनाच्या, म्हणजे आपल्यामागं फंडाचे पैसे कोणाला द्यायचे त्या, फॉर्मवर त्याच्या आईचं नाव होतं, लग्नाआधी भरलेलं. फंडाचा नियम असा की लग्न झालं की आधीचं नामनिर्देशन रद्द ठरतं, नवं भरावं लागतं. त्यानं ते भरलंच नव्हतं, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. ही आमच्या विभागाची चूक होती, आणि ती मला अजून बोचते. सासू-सुनेत वाद नव्हता, तरी वारसांचे दाखले जमवताना त्या दोघींना कितीतरी महिने हेलपाटे घालावे लागले.

फंडाच्या जोडीला विमाही असतो, हे तिला ठाऊकच नव्हतं. कामगाराच्या पगारातून त्यासाठी पैसाही कापत नाहीत, मालक अर्धा टक्का भरतो, म्हणून स्लिपवर त्याची ओळ नसते. नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्यांना ही रक्कम मिळते, 2021 पासून जास्तीत जास्त 7 लाख. मात्र दावा घरच्यांनीच करायचा असतो, आणि त्यासाठी ती योजना त्यांना माहीत हवी.

भाचा आता रुजू झालाय. यूएएन, म्हणजे फंडाच्या खात्याचा नंबर, हातात आला त्याच रविवारी आम्ही फंडाच्या पोर्टलवर बसलो, बहिणीचा फोटो आणि आधार नंबर घालून तिचं नाव नोंदवलं. त्या नेमणूकपत्राच्या मागच्या बाजूला मी पेनानं मोठ्या अक्षरांत लिहून दिलंय, 'लग्न झालं की हे पुन्हा भरायचं.' बहिणीनं ते पत्र देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवलंय.