बोलांची ताटं

नमस्कार श्रोतेहो.

तुम्हाला ‘श्रोते’ म्हणून हाक मारताना मला फार आनंद होतो, कारण आपली ज्ञानेश्वरी श्रोत्यांसमोरच उभी राहिली. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०. नेवाशाला ज्ञानेश्वर महाराज बोलत गेले, सच्चिदानंदबाबा लिहून घेत गेले आणि समोरची मंडळी ऐकत गेली. म्हणून ज्ञानेश्वरी नुसती डोळ्यांनी वाचली की निम्मीच हाती लागते, असं माझं ठाम मत आहे. ती मोठ्यानं वाचावी, स्वतःच्याच कानांना ऐकवावी.

सहाव्या अध्यायात माऊली म्हणतात, ‘ऐका रसाळपणाचिया लोभा । कीं श्रवणींचि होति जिभा’. बोल इतके रसाळ, की कानांनाच जिभा फुटाव्यात! मग इंद्रियांचं भांडण जुंपतं. शब्द खरा कानांचा, पण जीभ म्हणते, हा रस आमचा. नाकाला वाटतं, हा तर सुगंध. आणि पुढे माऊली बोलांची ताटं मांडून त्यांत कैवल्यरस, म्हणजे मोक्षाचा रस, वाढतात. आपल्यासाठी पंगतच मांडली आहे त्यांनी.

आपण मात्र पारायणाला बसलो की पानं संपवायच्या घाईत असतो. पारायणाला मी नावं ठेवत नाही. नऊ हजारांच्या आसपास ओव्या कानांवरून जातात, तेव्हा त्या नादानंच मन निवतं. पण समाप्ती झाली की पोथी वर्षभर फडक्यात बांधून ठेवायची, हे मनाला पटत नाही.

पुणेकरांना तर आळंदी हाकेच्या अंतरावर. मंदिरात अजानवृक्षापाशी कोणी ना कोणी ज्ञानेश्वरी उघडून बसलेलं दिसतं. मागे तिथे एक आजी वाचत होत्या. ओवीखाली बोट, आवाज खणखणीत. एका ओवीपाशी थांबल्या, ती पुन्हा वाचली. चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत तीच ओवी. या वेळी शेजारी बसलेल्या नातीचाही आवाज त्यात मिसळला. ती ओवी नवव्या अध्यायाची पहिली:

‘तरी अवधान एकलें दीजे । मग सर्वसुखासि पात्र होइजे । हें प्रतिज्ञोत्तर माझें । उघड ऐका ॥’

उपास नको, पांडित्य नको. फक्त लक्ष द्या, सगळं सुख तुमचं. आणि हे प्रतिज्ञेवर, उघड सांगितलेलं. मी ही प्रतिज्ञा अक्षरशः खरी मानते. घरात दुःख आलं तेव्हा मला अर्थबिर्थ काही सुचत नव्हता, पण ओवी तोंडात आली की जीव थाऱ्यावर यायचा. ओवीची घडणच तशी आहे. पहिले तीन चरण यमकात जुळतात आणि चौथा, आखूड, यमक सोडून थांबतो. तिथे आपोआप श्वास घेतला जातो. त्या श्वासात ओवी आत उतरते.

जुनी भाषा अडते, हे खरं. पुण्यात पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात सार्थ, म्हणजे ओवीखाली अर्थ दिलेली, प्रत सहज मिळेल. मात्र आधी ओवी दोनदा मोठ्यानं म्हणा, मग खालचा अर्थ पाहा, आणि पुन्हा ओवीकडे या. नवव्या अध्यायापासून सुरुवात केलीत तरी चालेल. घरात कोणी अंथरुणाला खिळलं असेल, डोळ्यांनी वाचवत नसेल, तर त्यांच्या उशाशी बसून वाचा. पाच-सहा ओव्या पुरतात. ‘पुन्हा म्हण’ म्हणाले, तर पुन्हा म्हणा.

रामकृष्णहरी.