मशीन आधी कोणी उघडलं?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. पडलेली झाडं कापायला चेनसॉ लागते, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. सेकंडहँड मशीन विकणारा हमखास म्हणतो, "काम करून घेतलंय, नव्यापेक्षा जास्त ओढतं."

काम म्हणजे सायलेन्सर मोकळा केलेला, सिलिंडरचे पोर्ट, म्हणजे हवा-धुराची भोकं, घासून मोठे केलेले, कधी सिलिंडरखालचं गॅस्केट (सांध्यातली पातळ चकती) काढून कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, वाढवलेलं. नीट जमलं तर मशीन खरंच जोरात कापतं. त्यातली मजुरी विकताना सहसा पुरती वसूल होत नाही, म्हणून घेणाऱ्याला सौदा स्वस्त पडतो.

मेख कार्बोरेटरमध्ये, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागात आहे. सायलेन्सर मोकळा केला की पेट्रोलही वाढवावं लागतं. चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक, त्याला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी. पिस्टन तापतो, घासतो. बाहेरून मात्र मशीन चकाचक.

म्हणून जाणते मिस्त्री किमतीचं बोलण्याआधी सायलेन्सर उतरवतात. आत बॅटरी मारतात, दोरी हळूच ओढतात. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले की विषय संपला. मग स्पार्क प्लग. फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढराफटक म्हणजे मशीन अर्धपोटी राबवलेलं. शेवटी पाच-दहा मिनिटं कापून, गरम झाल्यावर आयडलला सोडायचं. आवाज वर-खाली होत राहिला तर कुठून तरी हवा खेचतंय, बहुतेक क्रँक सील, म्हणजे इंजिनच्या दांड्याभोवतीचं रबरी कडं, गेलंय. थंड मशीन काय, कोणीही चालू करून दाखवतो!

आणखी एक. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणगी अडवणारी बारीक जाळी असते. जोर वाढवायच्या नादात ती काढून फेकतात. फाल्गुन-चैत्रात काजूच्या बागेतलं वाळलं गवत आठवा. जाळी बसवल्याशिवाय असं मशीन बागेत नेऊच नये.

रोज लाकूड कापून पोट भरणाऱ्याने वॉरंटी संपल्यावर स्वतःच्या मशीनवर, ओळखीच्या मिस्त्रीकडून काम करून घ्यावं. बिघडलं तर दार ठोठावायला जागा असते. वर्षातून चार दिवस फांद्या छाटणाऱ्या बागायतदाराला हा खर्च कशाला? न छेडलेलं मशीन, चेनला धार आणि कंपनीने पन्नासास एक सांगितलं असेल तर लिटरभर पेट्रोलला २० मिली टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल. तरीही आधीच काम केलेल्या मशीनवरच जीव जडला असेल, तर विकणाऱ्याला आधी विचारा: काम कोणी केलं, आणि तुम्ही ऑइल किती घालत होता?