सेकंडहँड गाडी आणि विक्रेत्याचा शब्द

मंडळी, जुनी गाडी घेतली, महिन्याभरात बंद पडली, की डीलरचं उत्तर ठरलेलं: ‘जुनीच होती ना साहेब, गॅरंटी कुठे दिली होती?’ आणि आपणही मान डोलावून परत येतो.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जुन्या मालाला कुठेही वगळलेलं नाही. कायद्याने किंवा करारानुसार जो दर्जा असायला हवा, किंवा विक्रेत्याने जो असल्याचं सांगितलं, त्यात उणीव असेल तर तो दोष. आता आठ वर्षांच्या गाडीचा क्लच झिजलेला निघाला, तर ते तिचं वय आहे. त्यावर भांडू नका. पण 1,10,000 किलोमीटर धावलेल्या गाडीचा मीटर मागे फिरवून 40,000 दाखवले, ठोकलेली गाडी ‘ओरिजिनल पेंट’ म्हणून खपवली, तर तुमची बाजू भक्कम आहे. केस बिघाडापेक्षा जास्त उभी राहते ती काय सांगून विकली यावर.

आणि नेमकं तेच सगळं तोंडी झालेलं असतं! म्हणून प्रश्न व्हॉट्सॲपवर विचारा. ‘गाडीचा ॲक्सिडेंट झालाय का? पुरात सापडली होती का? मीटर खरा आहे ना?’ समोरून ‘नाही दादा, एकदम क्लीन गाडी’ असं आलं की झालं. जाहिरातीचा स्क्रीनशॉटही ठेवा. सौदा झाला की जाहिरात गायब होते.

गाडी बघायला जाताना मेकॅनिक न्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी पट्ट्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते, सीटखालच्या पट्ट्यांना गंज असतो. मात्र एक लक्षात घ्या. 1930 च्या मालविक्री कायद्यानुसार तुम्ही माल तपासून घेतला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवा होता असा दोष नंतर पुढे करता येत नाही. नुसती टायरवर लाथ मारून ‘बघितली’ म्हणणाऱ्यांनी सांभाळा.

पावतीवर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ छापलेलं असतं, त्याला घाबरू नका. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीत परत घेण्याची मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवस धरले जातात. त्यामुळे दोष दिसताच लेखी कळवा. आणि कृपा करून लगेच इंजिन खोलू नका! ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारा ग्राहक आयोग गाडी तपासणीला पाठवू शकतो. आधीच गॅरेजने सगळं बदललं तर तपासणार काय?

आयोगाकडे तक्रार दोन वर्षांत करायची, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही चालते. गाडीला मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. आधी 1915 या हेल्पलाइनवर बोललात तर पुष्कळदा तिथेच तोडगा निघतो.

शेजाऱ्याकडून किंवा ओळखीतून घेतलेल्या गाडीला हा रस्ता सहसा मिळत नाही, कारण तो काही गाड्यांचा व्यापारी नसतो. तिथे 1872 चा करार कायदा आणि दिवाणी न्यायालय. त्या कायद्यात विक्रेत्याचं नुसतं गप्प बसणं सहसा फसवणूक ठरत नाही. माहीत असून खोटं उत्तर देणं ठरतं. म्हणून ओळखीच्या माणसाला विचारताना तर जास्तच मोकळेपणाने विचारा. संकोच वाटतो, मान्य आहे. पण न विचारलेल्या प्रश्नाचं खोटं उत्तर कोण देणार?

मागून एक ताई विचारताहेत, डीलरने पावतीच दिली नाही तर? पावती न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. ऑनलाइन दिलेलं टोकन, बँकेचं स्टेटमेंट, चॅट, ताबा दिल्याचा कागद जोडा आणि पावती न दिल्याचा मुद्दा तक्रारीत वेगळा घाला.