वचन १, ६ ते ८

(काळा पडदा. पंख्याची घरघर. लांबून ढोलाचा ठेका.)

हा एका खोलीचा आवाज आहे. आत सतराजण बसलेत आणि कोणी बोलत नाहीये. आमच्या साउंड रेकॉर्डिस्टला प्रत्येक ठिकाणी असा मिनिटभराचा नुसता आवाज लागतो. रूम टोन म्हणतात त्याला. एडिटिंगच्या वेळी दोन वाक्यांमधली भोकं बुजवायला तो कामी येतो. एरवी त्यासाठी लोकांपुढे हात जोडावे लागतात, बाबांनो, जरा गप्प बसा. इथे न मागता मिळाला. दर रविवारी वाचन झालं की ही माणसं दोन मिनिटं गप्पच असतात.

(पडदा उजळतो. जिना. दाराबाहेर चपला.)

पुण्यातली कसबा पेठ. कुंभारवाड्याच्या अलीकडची गल्ली, पहिला मजला, भाड्याची खोली. आत सतरंजी, भिंतीला लावलेल्या पाच खुर्च्या. त्या गुडघे दुखणाऱ्यांसाठी. संध्याकाळी साडेपाचला माणसं जमतात, कधी बारा, कधी वीस. बरेचजण सकाळी आपापल्या चर्चची उपासना करून आलेले असतात. कोणी सीएनआयचे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, कोणी कॅथलिक, एक मेथॉडिस्ट जोडपं. काहींना सकाळी जायला चर्च उरलेलं नाही. एकदोघं ख्रिस्ती नाहीतच, ऐकायला येतात. एक पाळकबाई येतात, पण त्याही सतरंजीवर बसतात आणि वाचायला त्यांची पाळी इतरांसारखीच येते. या मंडळीला नाव नाही, पाटीही नाही.

दाराशी एक स्टीलची परात आहे. मोबाइल त्यात ठेवायचे. आणि वाचन सुरू झालं की पुस्तकं मिटायची.

हा नियम मला पहिल्या दिवशी जरा टोचला. माझं लहानपण नगरच्या मंडळीत गेलं. वाचणारा वाचतोय आणि आपण पवित्र शास्त्र उघडून, ओळीवर बोट ठेवून त्याच्याबरोबर चाललोय, अशी आमची शिस्त. संडेस्कूलमध्ये सांगितलेलं वचन सगळ्यांत आधी शोधणाऱ्याला बक्षीस असायचं. मी तीन वर्षं ओळीनं घेतलं. ऐकण्यात मात्र मी कच्चाच राहिलो.

तसं मावशींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “तू तुझं वाचत बसलास, तर मी घसा कोणासाठी कोरडा करायचा?”

मावशी निवृत्त शिक्षिका आहेत. वय पंचाहत्तरच्या पुढे. पडद्यावर नाव नको ही त्यांची अट, आणि इथे त्यांना सगळे मावशीच म्हणतात.

(मावशींचे हात. स्पायरल केलेली झेरॉक्स प्रत.)

एक उतारा इथे तीनदा वाचतात. आधी नेहमीच्या पवित्र शास्त्रातून. मग दुसऱ्या कोणाच्या तरी आवाजात, दुसऱ्या भाषांतरातून. तिसऱ्यांदा पुस्तकच नसतं. ज्याला जे आठवेल ते त्यानं आपल्या भाषेत सांगायचं. तिथे गंमत येते. परवा एका मुलानं उधळ्या पुत्राच्या बापाला थेट हडपसरच्या बसस्टॉपवर उभं केलं होतं.

दुसऱ्या वाचनाला पुष्कळदा ही झेरॉक्स लागते. पंडिता रमाबाईंचं भाषांतर. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. समोर विधवा होत्या, दुष्काळातून आलेल्या पोरी होत्या. त्यांना ऐकून कळलं पाहिजे, म्हणून भाषा सोपी ठेवली. छापखाना मुक्तीचाच, आणि खिळे जुळवायला याच बायका. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. ग्रंथ पुरा छापून बाहेर आला तो १९२४ मध्ये. मावशी या प्रतीला ‘आमच्या बाईंचं’ म्हणतात. एवढंच म्हणतात, पण म्हणताना ती मांडीवर नीट ठेवतात.

(भिंतीवर खिळ्याला अडकवलेला छापील तक्ता.)

कुठल्या रविवारी काय वाचायचं, ते या तक्त्यात असतं. लेक्शनरी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक चर्चनं १९६९ मध्ये तीन वर्षांचं चक्र आणलं. ते पाहून प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी एकत्र बसून आपला तक्ता बेतला, आधी १९८३ चा, मग सुधारून १९९२ चा. इथे हा १९९२ चा चालतो. वर्ष सुरू होतं आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतल्या, पहिल्या रविवारी. एक वर्ष मत्तयच्या शुभवर्तमानाचं, एक मार्कचं, एक लूकचं. योहानाला स्वतःचं वर्ष नाही. तो सणासुदीला येऊन जातो, गावाकडच्या काकांसारखा. दर रविवारी चार वाचनं, बहुधा जुना करार, स्तोत्र, पत्र आणि शुभवर्तमान.

मला या तक्त्याचं आवडतं ते हे, की तो कोणाची आवडनिवड बघत नाही. पाळकाला आवडता उतारा पुनःपुन्हा दळता येत नाही, आणि नावडता टाळताही येत नाही. पण तक्ताही माणसांनीच केलाय, आणि त्यांनी पुष्कळ गाळलंय. जुन्या करारातल्या शास्ते या अख्ख्या पुस्तकातली रविवारच्या वाट्याला सात वचनं येतात, दबोराची. बापाच्या नवसापायी बळी गेलेल्या इफ्ताहाच्या मुलीचं नाव निघत नाही. तामारवर तिच्याच सावत्र भावानं केलेला अत्याचार येत नाही. जमावाच्या अत्याचारात मेलेल्या त्या लेव्याच्या उपपत्नीची गोष्ट येत नाही. ती खरं तर मोठ्यानं वाचवतही नाही, हेही कबूल करायला हवं.

(पुन्हा काळा पडदा. ढोल जवळ आलेला.)

२० ऑगस्ट २०२३. या संध्याकाळचं आमच्याकडे चित्रण नाही. आम्ही तेव्हा इथे नव्हतो. जे आहे ते तिथे असलेल्यांनी सांगितलेलं. नदीपात्रात ढोल-ताशा पथकांची प्रॅक्टिस जोरात होती, एवढं सगळ्यांना आठवतं.

वाचायची पाळी मावशींची. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, नवा चष्मा यायचा होता. तक्त्यात यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं लिहिलं होतं: यशया, अध्याय ५६, वचन १, ६ ते ८. त्यांना एक दिसला आणि आठ दिसला. मधला स्वल्पविराम आणि सहा काही दिसला नाही. पुस्तक डोळ्यांशी धरून त्यांनी पहिल्यापासून आठव्यापर्यंत सरळ वाचून काढलं.

तिसऱ्या वचनात तो शब्द आला. षंढ.

मराठीत हा शब्द कोणी शास्त्र वाचून शिकत नाही. शाळेच्या मागच्या बाकावर शिकतो, नाहीतर रस्त्यावर.

खोलीत एक मुलगी होती, तिसऱ्यांदाच आलेली. कॅम्पातल्या एका पार्लरमध्ये काम करते. ट्रान्सजेंडर आहे. ओळखीच्या लोकांत स्वतःला तृतीयपंथी म्हणते, पार्लरमध्ये काहीच म्हणत नाही. आधी ती ज्या मंडळीत जायची, तिथे बायका एका बाजूला आणि पुरुष एका बाजूला बसत. बायकांनी तिला सरकून जागा दिली नाही, आणि पुरुषांत तिला बसायचं नव्हतं. मग ती दाराबाहेर चपलांपाशी उभी राहून ऐकायची. वर्षभर. आतलं फार ऐकू यायचं नाही. गाणी यायची, वाचन यायचं नाही.

मावशी थांबल्या नाहीत. त्यांना दिसतच नव्हतं कोण कुठे बसलंय.

जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, तेविसाव्या अध्यायात, नियम सरळ आहे: अशा माणसाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही. आणि इथे यशया म्हणतो, षंढानं स्वतःला वाळलेलं झाड म्हणू नये. जो माझा करार पाळतो त्याला मी माझ्या घरात, माझ्या आवारात, मुलं आणि मुली यांच्याहून चांगलं स्मारक देईन, नाव देईन. कधीही पुसलं न जाणारं नाव. हिब्रूत हे दोन शब्द आहेत, याद आणि शेम. जेरुसलेममध्ये ज्यूंच्या संहाराचं जे स्मारक आहे, याद वाशेम, त्याचं नाव याच वचनातून घेतलंय. वंशाचा दिवा, नाव चालवणारा मुलगा, हे ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला ‘मुलं आणि मुली यांच्याहून चांगलं’ हे शब्द कसे लागत असतील, त्याचा अंदाज आपल्यालाही करता येतो.

दोन मिनिटं झाली. ती म्हणाली, “मावशी, हे खरंच आहे त्यात?”

मावशींनी पुस्तकच तिच्याकडे दिलं. तिनं पुस्तक न मिटण्याचा गुन्हा केला, कोणी काही म्हटलं नाही. ती बोट ठेवून वाचत होती तेवढ्यात पाळकबाईंनी तक्ता पाहिला आणि म्हणाल्या, हे तर आज वाचायचंच नव्हतं.

(तक्त्यावरची ओळ, अगदी जवळून. स्वल्पविराम.)

वचनं गाळण्यामागे कारस्थान वगैरे काही नव्हतं. त्या रविवारचं शुभवर्तमान होतं मत्तयच्या पंधराव्या अध्यायातलं, कनानी बाईचं. विषय परक्यांचा. जोडीला यशयातली परक्यांविषयीची वचनं घेतली आणि मधली चार सोडून दिली. विषयाला धरून कात्री चालवली, इतकंच.

त्या कनानी बाईवरून इथे दर तीन वर्षांनी वाजतं. मुलीसाठी ती येशूच्या मागे ओरडत येते. शिष्य म्हणतात, हिला घालवून द्या. तो आधी उत्तरच देत नाही, मग मुलांची भाकर कुत्र्यांना घालू नये असं म्हणतो. ती म्हणते, कुत्रीही मेजाखालचा चुरा खातातच की. आणि तो तिचं ऐकतो. बँकेतून निवृत्त झालेले एक काका सांगतात, त्यानं तिची परीक्षा घेतली. पाळकबाई सांगतात, परीक्षा कसली, तिनं त्याला वळवलं. मी पाळकबाईंच्या बाजूनं आहे, पण काका वाद छान घालतात.

त्याच रात्री मावशींनी एक फुलस्केप वही काढली. खाकी कव्हर घातलं, शिक्षिकेच्या सवयीनं. वर लिहिलं: गळालेलं. पहिल्या पानावर तिरक्या, चष्म्याविनाच्या अक्षरात यशया ५६, २ ते ५, आणि तारीख. आता वहीत इफ्ताहाची मुलगी आहे, तामार आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी या वहीतलं एक वाचायचं, असं ठरलं. त्यावरून दोन कुटुंबं यायची थांबली. त्यांचं म्हणणं होतं की असल्या गोष्टींनी मन शांत होत नाही. खरं आहे, होत नाही.

(चहाचे कप. हशा.)

वाचन झालं की चहा. मिशनच्या चहाला या शहरात इतिहास आहे. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा झाला, तेव्हा तिथे गेलेल्यांत टिळक आणि रानडेही होते. त्या कपावरून केवढं ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं प्रकरण, झालं, प्रायश्चित्तापर्यंत गेलं. इथला चहा फार गोड असतो, याहून मोठी तक्रार नाही.

२८ एप्रिल २०२४ ला तो शब्द पुन्हा आला. या वेळी तक्त्यानुसारच. प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय. कूशी राणीचा खजिनदार, तोही षंढ, जेरुसलेमहून रथात बसून परत चाललाय आणि मोठ्यानं वाचतोय. फिलिप्प हा प्रचारक धावत रथाशी जातो, त्याला ते ऐकू येतं, आणि तो विचारतो, वाचताय ते कळतंय का? वाचत काय होता? यशयाच. त्रेपन्नावा अध्याय. छप्पन्नावा तिथून तीन अध्याय पुढे.

मग वाद झाला शब्दाचा. तो बदलावा का? हिब्रूतला ‘सारीस’ म्हणजे पुष्कळदा दरबारातला अधिकारी, आपल्याकडचा खोजा. कोणी म्हणालं, खोजा वाचूया. कोणी म्हणालं, तृतीयपंथी वाचूया. अर्धा तास सगळे तिच्या वतीनं बोलत होते. शेवटी मावशींनीच विचारलं, “अगं, तू सांग ना.”

“राहू द्या,” ती म्हणाली. “शिवी म्हणून किती वेळा ऐकलाय, मोजलं नाही. चांगल्या वाक्यात फक्त इथे ऐकला.”

शब्द राहिला.

काकांना आम्ही कॅमेऱ्यासमोर विचारलं. त्यांनी आधी माइक नीट लावून घेतला. “माझं मत बदललं असं दाखवू नका. बदललेलं नाही. तृतीयपंथीयांविषयीचा सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा निकाल मी पूर्ण वाचलाय, तरी नाही. पण ती वाचते तेव्हा मला पुस्तक मिटून बसावं लागतं. नियम आहे. आणि उच्चार स्वच्छ आहेत तिचे.”

(संध्याकाळ. खिडकी. तक्त्याचं नवं पान.)

यंदा पुन्हा मत्तयचं वर्ष. १६ ऑगस्ट २०२६ ला कनानी बाई येईल, आणि तिच्याबरोबर यशया ५६, वचन १, ६ ते ८. मावशींनी बॉलपेननं स्वल्पविराम खोडलाय, आणि सहाचा आकडा कापलाय. वाचायची पाळी तिची आहे.

आज ती सराव करतेय. खोलीत मावशी आणि ती, दोघीच, आणि कोपऱ्यात आम्ही. मावशी डोळे मिटून बसल्यात.

ती वाचते. ‘आवारात’ या शब्दाशी अडखळते.

“मावशी, आवार म्हणजे नेमकं कुठवर?”

“भिंतीच्या आतलं सगळं.”

“चपला काढतो ते?”

मावशी डोळे उघडतात. “ते पण.”

खाली नदीकडे ढोल सुरू होतात. ती थांबते, खिडकी लावून घेते. काच थरथरत राहते.

“आता परत,” मावशी म्हणतात. “पहिल्या वचनापासून. आणि घाई नको.”

(तिचा आवाज. पडदा काळा होतो, आवाज चालू राहतो.)