ठिपक्यांवर उभे राहिलेले दोन चेहरे

श्रोतेहो, नमस्कार. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात इटालियन चित्रकार राफाएलचं एक रेखाटन आहे. उंची साधारण ५० सेंटीमीटर, रुंदी ३६. त्यात येशूचे दोन शिष्य, एक तरुण आणि एक दाढीवाला म्हातारा. त्यांचे फक्त चेहरे आणि हात. नीट निरखलं की रेषांच्या कडेने बारीक ठिपके दिसतात. आज बोलायचं आहे ते या ठिपक्यांविषयी.

कार्डिनल जुलिओ दे मेदिची यांनी फ्रान्समधल्या नार्बोनच्या कॅथेड्रलसाठी राफाएलकडून एक वेदीचित्र, म्हणजे चर्चमधल्या वेदीवर लावायचं चित्र, करवून घेतलं, 'येशूचं रूपांतर'. आपलं रेखाटन याच चित्राच्या तयारीतलं. लाकडावर रंगवलेलं, चार मीटर उंच. एवढ्या कामाची मांडणी आधी लहान कागदावर ठरायची, मग चौकटी आखून ती वाढवायची, आणि कागदाला कागद चिकटवून चित्राच्याच मापाचं 'कार्टून' तयार व्हायचं. त्या काळी या शब्दाचा विनोदाशी संबंध नव्हता, अर्थ होता मोठा कागद. त्यावरच्या रेषांना सुईने भोकं पाडायची, कार्टून चित्राच्या लाकडावर ठेवायचं आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून हलकेच आपटायची; भोकांतून पूड उतरून खाली ठिपके उमटतात. आपल्याकडे जरीकामाचे कारागीर खाका उतरवतात, तसंच. भोकं विरळ पडली तर बोटाचं वळण हरवतं, फार दाट पडली तर कागद फाटतो. पुरचुंडी घासली की ठिपक्यांऐवजी डाग उमटतात. कागद जरा सरकला की एका नाकाला दोन कडा. ठिपके जोडून झाल्यावर उरलेली पूड झटकावी लागते, नाहीतर ती रंगात मिसळून चेहरा मळकट दिसतो.

टोचून आणि पूड खाऊन कार्टून खराब होतं. म्हणून राफाएलने महत्त्वाच्या भागांचे ठिपके कोऱ्या कागदावरही पाडले आणि त्यांच्या आधाराने काळ्या खडूत चेहरे पुन्हा काढले. माप तेच, पण आता सगळं लक्ष छायाप्रकाशावर. हा काळा खडू म्हणजे खाणीतला मऊ दगड; टोक धरून ओढला तर केसाची बट निघते, बोटाने पुसला तर गालावरची सावली. रंगवताना असा कागद शेजारी ठेवता येतो. मला या रेखाटनातले हात चेहऱ्यांइतकेच बोलके वाटतात. चित्राच्या खालच्या भागात शिष्यांना एका आजारी मुलाला बरं करता येत नाही, आणि ती असहायता राफाएलने हातांवर सोपवली आहे.

६ एप्रिल १५२० रोजी, ३७ व्या वर्षी, राफाएल गेला. चित्र नार्बोनला गेलंच नाही. ते आज व्हॅटिकनमध्ये आहे. रेखाटनाचं आणि चित्राचं छायाचित्र शेजारी ठेवा आणि खाली डावीकडच्या गर्दीत हे दोघे शोधा. आधी हात सापडतील.